तीन हाकांचा माणूस

पहिलं परीक्षण आलं तेव्हा गायत्री झेरॉक्सच्या मशीनमध्ये अडकलेला कागद चिमट्यानं ओढत होती. सातबारा होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. ज्याचा होता तो माणूस काउंटरवर कोपर टेकून असा बघत होता, जणू त्याची जमीनच मशीनमध्ये अडकली आहे. तेवढ्यात फोन वाजला. अश्विनीचा.

"आई, आलं!"

"काय आलं?"

"रिव्ह्यू गं! पहिला! दहापैकी नऊ!"

गायत्रीनं चिमटा खाली ठेवला. दहावीत गणितात लेकीला एवढे पडले नव्हते, हे तिच्या ओठावर आलं होतं, पण ते तिनं गिळलं. पोरगी फोनवर रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं.

अश्विनी पुण्यात असायची. कॉलेज संपल्यावर चार मित्रमैत्रिणी गोळा करून तिनं दोन खोल्यांत एक ऑफिस थाटलं होतं आणि तीन वर्षं खपून व्हिडिओ गेम बनवला होता. नाव 'गाठोडं'. खेळणाऱ्यानं तिन्हीसांजेला रानात हिंडायचं, भुतं हुडकायची, त्यांना बोलण्यात गुंगवायचं आणि गाठोड्यात बांधून टाकायचं. एका भुताला एक गाठ. बांधलेली भुतं मग आपल्या बाजूनं दुसऱ्या भुतांशी लढतात. एकूण त्रेपन्न भुतं, आणि ती सगळीच्या सगळी गायत्रीनं जमवलेली.

तिचं दुकान भोरला कचेरीसमोर. वीस वर्षांत उत्रोलीपासून वेल्ह्यापर्यंतचा माणूस कधी ना कधी कागद घेऊन तिच्या पायरीवर बसला होता. मशीन तापेपर्यंत गायत्री विचारायची, "तुमच्याकडं काय दिसतं हो?" एवढं विचारलं की दाखल्यासाठी घाईला आलेला माणूसही टेकायचा. कुणाच्या बांधावर मुंजा, कुणाच्या ओढ्यात गिऱ्हा, कुणाच्या वाटेवर चकवा. पोरीच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर ती सगळं लिहून ठेवायची. तिचं स्वतःचं शिक्षण दहावीपर्यंत झालं होतं, पुढचं गिऱ्हाइकांनी केलं.

"वाच की मग," ती म्हणाली. "सावकाश. आणि मराठीत सांग."

अश्विनी वाचायला लागली. भुतं देखणी आहेत, लढाया मात्र लांबतात. मधली दोन गावं एकसारखी वाटतात. "हे खरंय," गायत्री म्हणाली. "आई, तू ऐक ना. आता खरी गंमत आहे. सगळा लेख हाक्यावरच आहे!"

हाक्या म्हणजे त्रेपन्नावं भूत. वेल्ह्याच्या अंगाला धरणाच्या फुगवट्याकाठी ज्या चारदोन वाड्या उरल्यात, त्यांच्यात त्याची भीती. दिवेलागणीला पाण्यापलीकडून तुमच्या नावानं हाक येते. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारेल. भुताजवळ एकच हाक असते. म्हणून तिथला माणूस पहिल्या हाकेला ओ देत नाही, दुसरीलाही देत नाही. तिसरी आली की मगच. हाक मारणाराही हे जाणून असतो. तो तीनदा मारतो, मधे एकेका श्वासाची जागा सोडून. ज्यानं एका हाकेला ओ दिली त्याला त्या आवाजामागं जावंच लागतं, असं म्हणतात. कुठं जातो ते कुणी सांगितलेलं नाही, कारण सांगायला कुणी परत आलेलं नाही.

"'या खेळात एक आवाज आहे,'" अश्विनी वाचत होती. "'म्हातारा, घोगरा, मायेचा. तो तुमचं नाव घेतो आणि एकदाच हाक मारतो. मी खोलीत एकटा होतो, खेळ माईकवरून माझं बोलणं ऐकत होता. मला माहीत होतं की ओ द्यायची नाही, दिली तर माझं सगळं गाठोडं सुटणार. तरी मी ओ दिली. इतक्या मायेनं मला वर्षानुवर्षं कुणी बोलावलं नव्हतं.' आई, अंगावर काटा येतो ना?"

गायत्रीच्या अंगावर काटा आलाच होता, पण दुसऱ्याच कारणानं. हाक्याचा आवाज मशीनवर तयार करायचा ठरलं होतं. म्हातारा, घोगरा, मायेचा आवाज त्या खेळात एकच होता आणि तो भुताचा नव्हता.

"अश्विनी, हा आवाज कुणाचा लावलाय?"

पलीकडं अश्विनीनं नाक ओढलं.

"रखमाजीमामांचा," अश्विनी म्हणाली.

*

रखमाजीमामा गायत्रीच्या आईच्या वाडीतले. सख्खे मामा नव्हेत, पण वाडीतला प्रत्येक पुरुष मामाच. फुगवट्यापलीकडल्या त्या वाडीत पाच घरं. चार घरांना कुलपं, पाचव्यात मामा आणि दोन गाया. डोंगराला वळसा घालून पायवाटेनं यायचं तर अर्धा दिवस जातो. म्हणून मामा काठावर यायचे आणि अलीकडच्या होडीवाल्याला हाक मारायचे. धनाजीऽऽ! श्वास. धनाजीऽऽ! श्वास. धनाजीऽऽ! तिसऱ्या हाकेला धनाजी ओ द्यायचा आणि वल्हं उचलायचा. तिकडं मोबाईलला रेंज नाही. दुखलंखुपलं, मीठ संपलं, गाय अडली, सगळ्याला ती हाकच होती. जगाशी मामांचा तेवढाच धागा.

मागच्या उन्हाळ्यात गायत्रीनं त्यांना दोन दिवस दुकानामागच्या खोलीत बसवलं होतं. ऑफिसातला कुमार पुण्याहून माईक घेऊन आला होता. एस.टी.चा हॉर्न आत येऊ नये म्हणून त्यानं खिडकीला उशा लावल्या. खेळात एक वाटाड्या असणार होता, रानात चुकलेल्याला तीन हाका मारून बाहेर काढणारा, खरा जिता माणूस. खेळणाऱ्यानं हाका मोजायच्या: एक आली तर गप्प बसायचं, तीन आल्या तर जायचं. वाटाड्यानं प्रत्येकाला नावानं बोलवावं म्हणून गायत्रीनं दुकानातली मतदारयादी काढली. नाव वाचलं की मामा तीनदा हाक मारायचे. तीनशे बारा नावं.

"भिमा," गायत्रीनं वाचलं.

"त्यो तर मेला की गं बाय."

"यादीत आहे."

"मंग मारतो हाक. आला तर इचारू, मतदानाला राह्यला का म्हनून."

कुमार एवढा हसला की ते परत घ्यावं लागलं. मामा दोन दिवस हाका मारून घसा बसवून घेऊन परत गेले. जाताना म्हणाले, "म्हंजी आता पुण्यातलं पोरगं वाट चुकलं तर म्या भाईर काढनार. झ्याक काम दिलंस."

"वाटाड्या काढून टाकला आई," अश्विनी फोनवर सांगत होती. "वेळच नव्हता. आणि कुमारचा हाक्या ऐकून हसू यायचं, भोंगा वाजल्यासारखा. मग त्यानं सहज मामांचा आवाज लावून बघितला. पहिली हाक ठेवली, बाकीच्या दोन कापल्या. आम्ही पाच जण होतो, भरदुपार होती, आणि कुणी बोललंच नाही गं. दोन मिनिटं."

"मामांना विचारलंस?"

"त्यांना काय कळणार त्यात..."

"मला विचारलंस?"

सातबारावाला माणूस खाकरला. गायत्रीनं फोन ठेवला आणि चिमट्यानं कागद ओढला. तो मधोमध फाटला.

*

पंधरा दिवसांत आणखी परीक्षणं आली. एकानं लिहिलं की भुतं पकडायचे खेळ शंभर झाले, पण ज्या भुताला पकडता येत नाही असं भूत पहिल्यांदा पाहिलं. एका बाईनं तासाभराचा व्हिडिओ केला, त्यातली चाळीस मिनिटं हाक्या. 'हाकेपेक्षा हाकेनंतरची शांतता बघा,' ती म्हणत होती. 'दुसरी हाक येईल म्हणून आपण थांबतो, आणि ती येत नाही. त्या शांततेला माझे दहापैकी दहा.' गायत्रीनं तो व्हिडिओ दुकानात बसून पाहिला. बाईचं नाव शिवानी. तिच्या कानात मामांनी एकदाच "शिवानीऽऽ" म्हटलं तेव्हा ती खुर्चीतच दचकली आणि तोंडावर हात ठेवून बसली.

खेळाचा पहिला भाग मोबाईलवर फुकट होता. तो भोरला पोचायला वेळ लागला नाही.

बाजारच्या दिवशी मामा आले. गायत्रीच्या दुकानाकडं येताना कचेरीच्या कोपऱ्यावर त्यांना कॉलेजची पाचसहा पोरंपोरी दिसली. मागं येणाऱ्या टेम्पोकडं एका पोराची पाठ होती. मामा ओरडले, "आरं बाळाऽऽ!"

सगळी एकदम गोठली. मग एकीनं तोंडावर हात दाबला, दुसऱ्यानं दाबला, बघता बघता सगळ्यांनी. "हाक्या! हाक्या!" बोटांच्या फटीतून कुणीतरी म्हणालं. "बोलू नका रे, गाठोडं सुटंल!" आणि हसू फुटलं. टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला म्हणून बरं. ज्याच्यासाठी हाक मारली होती ते पोरगं जागचं हललंसुद्धा नव्हतं.

मामा दुकानात आले आणि स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाय, माझ्या आवाजाला काय झालंय?"

गायत्रीनं चहा सांगितला. तो आल्यावर त्यांच्यापुढं सरकवला. मग तिनं मोबाईल काढून त्यांना ऐकवलं. अंधारी वाट, पाण्याचा आवाज, आणि मग मामांचीच हाक. एकदा.

मामा वाट बघत राहिले. मोबाईलकडं बघत, मान जराशी कलती करून, पुढच्या दोन हाकांसाठी. त्या आल्या नाहीत.

"बाकीच्या कुठं गेल्या?"

"कापल्या मामा. माझ्या पोरीनं कापल्या."

"म्या तर तीन मारल्या व्हत्या."

"व्हय."

"परतेक नावाला तीन. तू मोजत व्हतीस."

"व्हय मामा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चहा बशीत ओतला, प्यायला विसरले, आणि बशी तशीच हातात धरून म्हणाले, "आता धनाजीला कसं कळायचं, हाक मारतोय त्यो म्या हाय का त्यो?"

*

गायत्री दुसऱ्याच दिवशी धनाजीकडं गेली. एस.टी.नं दीड तास, पुढं उतार उतरून काठ. भातं निघाली होती, खाचरांत नुसती धसकटं उभी होती, आणि पाणी काठोकाठ, शिशासारखं. धनाजी होडी पालथी घालून तिला डांबर लावत होता. पस्तिशीचा, अंगानं दणकट. बोलायला लागला की मान खाली घालायचा.

"धनाजी, मोबाईलवर गाठोडं खेळतोस का?"

"खेळतो की ताई. तुमच्या अश्विनीनं केलाय न्हवं? एकेचाळीस गाठी मारल्यात." मग तो ओशाळला. "मामा काय म्हनलं व्हय?"

"तूच सांग."

त्यानं डांबराचा बोळा डब्यात टाकला. "परवाच्याला मामांनी हाक मारली. माझ्या नावानं. एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. म्या मोजल्या. खोटं न्हाई सांगत. आन् तोंड उघडंना. महिनाभर त्या आवाजाला गप बसायची सवय लावलीय न्हवं स्वोताला. ह्यो आवाज आला की दात दाबायचं. तसंच दाबून बसलो. त्यांनी परत तीन मारल्या, तरी बसलो. घंटाभर म्हातारा पल्याड हुबा."

"मग गेलास ना?"

"गेलो. पर..." तो पाण्याकडं बघायला लागला. "जाताना मोजत व्हतो ताई, सहा झाल्या का सात. मला सात ऐकू आल्या. मामा म्हनत्यात म्या सहाच मारल्या."

वारा नव्हता. पलीकडं मामांच्या घराचा धूर सरळ वर चढत होता.

त्या संध्याकाळी गायत्रीनं अश्विनीला फोन केला आणि हयातीत पहिल्यांदा लेकीवर ओरडली. अश्विनीही ओरडली. त्या एका हाकेवरच सगळे लिहितायत, ती काढली तर उरतं काय, तीन वर्षं घातलीत आम्ही, तुला काय वाटतं नऊ असे झाडाला लागतात का, आणि मामांना एखादी शिट्टी घेऊन दे ना! शिट्टी म्हटल्यावर ती आपली आपणच थांबली.

"आई, मी असं बोलायला नको होतं."

"नको होतं."

"काढते. आठ दिवस लागतील."

आणि तिनं काढली, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. चार जणांशी भांडून काढली. हाक्याला नवा आवाज दिला, एका नटाचा. त्यासाठी कुमारनं रात्रंदिवस काम केलं, कारण मामांबरोबर हसलेला तोच होता.

मग पुन्हा परीक्षणं आली. खेळाचा प्राण काढला. भुताला नाटकात घातलं. नऊ दिलेल्यानं सहा केले आणि का केले त्याचा वेगळा लेख लिहिला. 'जुनी हाक परत द्या' म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या. कुणीतरी जुन्या खेळातून मामांच्या तीनशे बारा हाका काढून इंटरनेटवर टाकल्या. मग त्यातली एखादी कुणाची रिंगटोन झाली, कुणाचा गजर झाला. कामथडीच्या एका लग्नात वऱ्हाड पंगतीला बसलं असताना कुणीतरी ती स्पीकरवर लावली आणि अख्खी पंगत घास हातात धरून गप्प झाली, असं गायत्रीच्या गिऱ्हाइकानं हसत हसत सांगितलं. आवाज आता अश्विनीच्या हातात नव्हता. मामांच्या तर कधीच नव्हता.

मामांनी स्वतःच तोड काढली. काठावर बांबू रोवला. होडी हवी असली की त्याला पांढरं फडकं बांधायचं. "हाक मारायचीच बंद," त्यांनी धनाजीकडून निरोप धाडला. "गायांनाबी चुचकारून बोलावतो. बायला म्हनावं, काळजी नगं करू."

गायत्रीनं काळजी केली. महिनाभर बरं चाललं, तरीही.

*

पुसाच्या थंडीत धनाजीचा फोन आला. दोन दिवस फडकं नाही, आणि काल सकाळपासून धूरही नाही.

"मग जाऊन बघ ना रे!"

फोनवर वल्हं होडीला आपटल्याचा आवाज आला.

"धनाजी?"

"एकटा जात न्हाई ताई म्या तिकडं. तुमी या."

दुपारची गाडी चुकली, पुढची उशिरा आली. गायत्री काठावर पोचली तेव्हा दिवस बुडत होता. पाण्यावर धुकं धरलं होतं, वीतभर उंचीचं, आणि त्याच्यावर पलीकडचा डोंगर तरंगत होता. बांबू दिसत होता. फडकं नव्हतं. धनाजीनं होडी पाण्यात लोटली, एक पाय आत टाकला.

तेव्हा हाक आली.

"गायत्रीऽऽ!"

पलीकडून. मामांचा आवाज. घोगरा, मायेचा, शेवटी जरासा वर चढणारा. धनाजीनं तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"दुसरी येऊ द्या," तो कुजबुजला.

तिनं श्वास मोजला. एक. धुक्यात कुठं मासा उसळला. दोन. याच शांततेला कुणीतरी दहापैकी दहा दिले होते. तिसरा श्वास गेला, पाचवा गेला. पाण्यापलीकडं काहीही हललं नाही.

"मोबाईल बंद हाय माझा," धनाजी म्हणाला, तिनं न विचारता. "त्यो हाय ताई. त्यो. चला माघारी."

गायत्री हलली नाही. म्हातारा माणूस, दोन दिवस चूल नाही, छातीत एकाच हाकेपुरता श्वास उरला असेल तर? तो काय करील? एकदाच हाक मारील. आणि त्या एका हाकेला सगळ्या जगानं गप्प बसावं अशी व्यवस्था कुणी केली होती? तिच्या वह्यांनी आणि तिच्या पोरीनं.

"ओऽऽ!" ती ओरडली. "आले मामा, आलेऽऽ!"

धनाजीनं तिचं मनगट सोडलं, चटका बसल्यासारखं. ती होडीत चढली. तो काठावरच उभा होता, तोंड फिरवून.

"तुमी ओ दिली."

"दिली. आता येतोस, का मी हातानं पाणी मारत जाऊ?"

तो आला. तिच्याकडं पाठ करून बसला आणि वल्हवायला लागला.

मामा बांबूच्या बुडाशी पडले होते. फडकं मुठीत होतं. ते बांधताना पाय घसरला होता. मांडीचं हाड मोडलं असावं, पाय नको त्या दिशेला वळला होता. अंग गार, ओठ पांढरे, पण डोळे उघडे. गायत्रीनं पदर भिजवून ओठ ओले केले, स्वेटर काढून त्यांच्यावर घातला. दोघांनी त्यांना घोंगडीत घेऊन होडीत आडवं ठेवलं. मामा एकदाही कण्हले नाहीत. काठ बराच मागं राहिल्यावर त्यांना बोलता आलं.

"कोन आलं म्हनायचं, धनाजी का?"

"मी पण आलेय मामा, गायत्री. तुमची हाक आली म्हणून तर निघालो."

मामांनी मान तिच्याकडं वळवली. "कंची हाक?"

"आत्ता मारलीत ना. माझ्या नावानं."

"म्या न्हाई," ते म्हणाले. "कालच्या सकाळी पडलो. दातावर दात दाबून पडून हाय. म्हनलं माझ्या हाकेला आता कोन येतंय. उगं एखाद्याला भ्या कशापाई घालायचं? एकदाबी न्हाई वरडलो बाय. म्या वरडलोच न्हाई."

वल्हं थांबलं. होडी आपल्याआपणच थोडी पुढं गेली आणि फिरली. धुकं आता कडेपर्यंत आलं होतं, कुठला काठ कुठं ते कळेना.

"तू ओ दिलीस?" मामांनी विचारलं.

"दिली."

"लई वंगाळ केलंस." त्यांनी कोपरावर रेलायचा प्रयत्न केला. गायत्रीनं खांदे धरले, तरी ते उठलेच, दुखण्यानं चेहरा पिळवटून. "धर मला. ऐक. जित्या मानसानं तीनदा बोलावलं, आन् तिसऱ्याला तू ओ दिलीस, म्हंजी सुटलीस. वाडीत असंच करत्यात. पानी वलांडायच्या आत. येकीला देऊ नगं, दोनला देऊ नगं. तिसऱ्याला दे."

महिन्याभरात पहिल्यांदाच मामांनी हाकेसाठी छाती भरून घेतली.

"गायत्रीऽऽ!"

आवाज पाण्यावर गेला. तिनं ओठ मिटून धरले. मामांनी श्वासाची जागा सोडली.

"गायत्रीऽऽ!"

ही फाटलेली होती, अर्धी खोकल्यात गेली. मामांचं डोकं तिच्या हातावर कलंडलं. ते श्वास ओढत होते. ती ओ तयार ठेवून त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

तिसरी हाक आली. स्वच्छ, मायेची, शेवटी जराशी वर चढलेली.

मामांचं तोंड मिटलेलं होतं. ते तिच्याकडं बघून मान हलवत होते. नाही, नाही.

गायत्रीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मोकळ्या हातानं धनाजीच्या पाठीवर जोरात थाप मारली. वल्हव.